तोंडपाठ

“आमची प्रार्थना ऐक,” असं ओवेन पॅस्कोचं तोंड सगळ्यांबरोबर म्हणून गेलं, आणि आपण कशाला ‘ऐक’ म्हटलं ते त्याला त्यानंतर कळलं. बरेच दिवस बंद असलेला नळ उघडला की आधी नुसती हवा येते आणि मग खोकत खोकत पाणी. तसं आधी त्याचं उत्तर बाहेर पडलं आणि मग मेव्हिसचं वाक्य सावकाश त्याच्या कानात उतरलं. जी बाळं जन्माला येण्याआधीच मारली जातात त्यांच्यासाठी, आणि ज्या आयांनी आपल्याच पोटच्या गोळ्याला नको म्हटलं त्यांना पश्चात्ताप व्हावा म्हणून, आम्ही विनवतो. प्रभू, तुझ्या दयेनं. मेव्हिस पुढे वाचनपीठापाशी उभी होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, निळा फुलाफुलांचा झगा, आवाज नेहमीसारखा, थोडा कापरा. ओवेनच्या डाव्या हाताला टॅमसिन बसली होती, त्याची एकुलती एक मुलगी. चार वर्षांनी ती या चर्चमध्ये आली होती, आईच्या अंत्यविधीलाही बाहेर आवारातच उभी राहिली होती, आणि तिचा कान त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. त्यानं मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचे हात दिसले, मांडीवरच्या पर्सवर ठेवलेले. ते हलले नाहीत. वर पंखा खडखडत होता. खिडक्यांच्या काचपट्ट्यांतून खाडीचा, ओहोटीच्या चिखलाचा वास आत येत होता, शहराच्या कडेच्या, समुद्रालगतच्या विनममध्ये तो रोजच येतो. मेव्हिसनं पान उलटलं आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू केली, आणि तिचं वाक्य संपल्यावर मंडळी पुन्हा म्हणाली, आमची प्रार्थना ऐक. या वेळी ओवेननं दात घट्ट मिटून घेतले होते. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

सहा वर्षांचा असल्यापासून तो ही उत्तरं देत आला होता. मधल्या काळात पुस्तकं बदलली. देवाला हाक मारायची रीत बदलली. पुरुषांबरोबर बायाही वेदीपाशी उभ्या राहू लागल्या. तोंड मात्र नवं उत्तर शिकलं आणि पुन्हा आपलं आपण चालू लागलं, जसे पाय काळोखातही घराच्या पायऱ्या बरोबर चढतात. ग्लेनिस त्याला यावरून चिडवायची. “उद्या कोणी ‘प्रभू, तुझ्या दयेनं’ म्हणून घरपट्टी वाढवली ना, तरी तू ‘ऐक’ म्हणून मोकळा होशील.” तो म्हणायचा, “आणि तू?” ती म्हणायची, “मी ऐकते आधी. मग ठरवते.” आणि खरंच, कधी कधी त्याच्या शेजारी ती गप्प राहायची. लग्नाच्या सुरुवातीला त्याला वाटायचं, हिचं लक्ष नाही. बऱ्याच वर्षांनी त्याच्या लक्षात आलं की तिचंच लक्ष आहे. आज ती शेजारी असती तर तिनं कोपर मारलं असतं. कोपर मारायला ती नव्हती. तिच्या जाण्याला या आठवड्यात वर्ष झालं होतं, आणि म्हणून तर हे सगळं होतं: इस्त्री केलेला शर्ट, टॅमसिनचं येणं, पहिल्या रांगेतली जागा. या चर्चमध्ये गेलेल्या माणसाचं नाव वर्षाच्या वर्षाला मध्यस्थीच्या प्रार्थनेत वाचतात. वर्षस्मरण म्हणतात त्याला. त्या एका नावासाठी ओवेन सबंध आठवडा थांबला होता. कोणीतरी दुसऱ्यानं तिचं नाव मोठ्यानं घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं. घरात ते नाव फक्त तो घ्यायचा, आणि ते भिंतीला लागून परत यायचं. “आणि जे आमच्या आधी गेले,” मेव्हिस म्हणत होती, “ज्यांचं वर्षस्मरण या आठवड्यात आहे...” ओवेन त्या वेळी मागच्याच वाक्यात अडकला होता. तो तिथून निघून इकडे येईपर्यंत नाव होऊन गेलं होतं. त्याला नुसतं ‘पॅस्को’ ऐकू आलं, आणि मेव्हिसचा आवाज त्या शब्दावर ओला झालेला. तिचं ग्लेनिसवर प्रेम होतं. ते खोटं नव्हतं. त्याच तोंडानं, त्याच कागदावरून.

त्याला टॅमसिनकडे बघायला हवं होतं, पण त्याचं बघणं थकून गेलं होतं. वर्षभर तो सगळ्या गोष्टींकडे उशिरा बघत होता; केटली जळाल्यावर, फोन वाजून थांबल्यावर. गेल्या सोमवारी त्यानंच तिला फोन केला होता. “रविवारी तुझ्या आईचं नाव वाचणार आहेत.” ती म्हणाली, “येईन.” त्यावर तो म्हणाला, “मग जेवूनच जा.” ती म्हणाली, “बघू.” त्या ‘बघू’वर त्यानं मेंढीची तंगडी आणली, शेजारणीला विचारून तिला मीठ आणि रोजमेरी चोळली, आणि सकाळी ओव्हन मंद आचेवर लावून तो चर्चला आला. चर्चला ती पुन्हा आली नाही तरी चालेल, हे त्यानं मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. पण ग्लेनिस असताना मुलगी आईला भेटायला यायची आणि बाप त्या घरात असायचा. आता आई नव्हती. नुसत्या बापाला भेटायला ती येईल का, हे त्याला माहीत नव्हतं. आज जेवायला बसली तर कळेल, असं त्याला वाटलं होतं. ती शहराच्या त्या टोकाला राहायची. दर बुधवारी ग्लेनिस गाडी बदलून तिच्याकडे जायची. ओवेन महिन्यातून एकदा जायचा आणि तिचे नळ बघायचा. सगळा जन्म पालिकेच्या पाणीखात्यात पाइप जोडण्यात गेलेला माणूस. दुसरं काय बघणार? तिचे नळ चांगले होते. तरी तो वायसर बदलायचा. ती दारात उभी राहून म्हणायची, “बाबा, चहा?” आणि तो म्हणायचा, “झालंच.” त्या झालेल्या गोष्टीबद्दल तो तिच्याशी चार वर्षांत एक शब्दही बोलला नव्हता.

झालेली गोष्ट अशी, की टॅमसिन आणि ग्रँटला, तेव्हा तिचा नवरा होता तो, बाळ होणार होतं, आणि अर्ध्या वाटेवर यंत्राच्या पडद्यावर दिसलं की बाळाच्या डोक्याचा वरचा भाग तयारच झालेला नाही. बाकी सगळं होतं. हात हलवत होतं. जन्मलं तर काही तास, डॉक्टर म्हणाले. कदाचित तेवढंही नाही. कायदा जुना होता, आजही तोच आहे, शंभराहून जास्त वर्षांचा, आणि त्यात ही गोष्ट गुन्ह्यांच्या पानावर होती. म्हणून डॉक्टरांची समिती बसायची, आणि ती बसेपर्यंत बाईनं घरी बसायचं. टॅमसिन आईच्या घरी येऊन बसली, तिच्या जुन्या खोलीत. दुकानात गेली की लोक पोटाकडे बघून हसायचे, कधी आहे म्हणून विचारायचे, आणि ती तारीख सांगायची. खरी तारीख. एके दिवशी ग्लेनिसनं तिला बाहेर जाऊच दिलं नाही. मग समितीनं हो म्हटलं आणि ओवेन-ग्लेनिस तिला दवाखान्यात घेऊन गेले. ओवेनची आठवण तिथल्या लांब बोळातून चालत जायची, पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी थांबायची, त्याचा दाब कमी आहे हे बघायची, त्या खोलीच्या दारापर्यंत पोचायची आणि तिथून परत फिरायची. चर्चमध्ये फक्त एवढं कळलं की टॅमसिनचं बाळ गेलं. लोकांनी घरी डबे आणून दिले. मेव्हिसनं तर दोनदा.

“देवाची शांती तुमच्याबरोबर सदा असो,” पाळक गिलियन वेदीसमोर येऊन म्हणाली. मध्यस्थीची प्रार्थना संपली होती. गिलियनच्या कपाळावर आठी होती. तिनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की येत्या आठवड्यात गर्भपाताच्या नव्या कायद्यावर विधानसभेत मतदान आहे, तेव्हा प्रार्थनेत आमदारांना शहाणपण मिळो एवढंच मागा, बाजू घेऊ नका. मेव्हिसनं आमदारांना शहाणपण मागितलं होतं, आणि मग ते कसं असावं तेही सांगितलं होतं. “आणि तुझ्याबरोबरही,” मंडळी म्हणाली. मग सगळे उठले आणि शेजारच्याशी हात मिळवू लागले. ही इथली रीत. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशी आधी हात मिळव, मगच भाकरीकडे जा. वर्षानुवर्षं ओवेन हे असं करत आला होता, की आधी ग्लेनिसच्या गालाला ओठ लावायचे, मग मागच्या रांगेकडे वळायचं. तो डावीकडे वळला. टॅमसिन उठून उभी होती. तिनं हात पुढे केला. गाल नाही, हात. बँकेतल्या बाईसारखा, अंगठा वर. “शांती असो, बाबा.” तिचा तळवा गार होता. त्याला म्हणायचं होतं, बाळा, माझं लक्ष नव्हतं. पण त्याचं तोंड म्हणालं, “आणि तुझ्याबरोबरही.” हेही तोंडपाठच. तिनं त्याच्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं बघितलं ते एखाद्या घराकडे बघावं तसं, जिथं आपण पूर्वी राहत होतो. ऑर्गन सुरू झाला, लोकांनी गाण्याची पुस्तकं उघडली, आणि टॅमसिन पर्स उचलून बाजूच्या दारानं बाहेर गेली.

त्याला तिच्या मागे जायचं होतं. पण ज्यांच्या माणसाचं वर्षस्मरण असतं त्यांनी भाकर आणि द्राक्षारस मागच्या टेबलावरून वेदीपर्यंत न्यायचा असतो, आणि गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं की निघायचं असतं. भाकरीची डबी टॅमसिन नेणार होती, सुरई तो. सगळी मंडळी वळून टेबलाकडे बघत होती. तो टेबलापाशी गेला, सुरई उचलली. डबी तशीच राहिली. दोन्ही एकट्यानं न्यायला त्याचे हात आता भरवशाचे नव्हते. तेवढ्यात निळा झगा शेजारी आला आणि डबी उचलली गेली. “चल, मी आहे,” मेव्हिस हळूच म्हणाली, आणि ते दोघं मधल्या वाटेनं निघाले, नवरानवरी निघावीत तसे, तिच्या दुखऱ्या गुडघ्याच्या चालीनं. “बरं नाही का तिला?” मेव्हिस ओठ न हलवता म्हणाली. “आईची आठवण, दुसरं काय. रडू दे, मोकळी होईल.” सुरईतला द्राक्षारस हलत होता, तो त्याच्याकडे बघत चालला. शेजारी ही बाई चालते आहे, आणि हिनं माझ्या मुलीला खुनी म्हटलं, आणि हिला ते माहीत नाही. आणि मी म्हटलं, ऐक. आणि मला ते माहीत होतं. त्यानं हे वाक्य मनात दोनदा म्हणून बघितलं. त्यातून राग यायला हवा होता. पण आला तो थकवाच, जिना चढून वर गेल्यावर किल्ली खाली राहिल्याचं कळावं तसा.

कारण मेव्हिसचं त्यानं ऐकलं होतं. महिन्यापूर्वी हॉलमध्ये या कायद्यावर बोलायला सगळे जमले होते. गिलियननं सुरुवातीला सांगितलं की आपल्या चर्चला पोप नाही. आपल्याकडे शास्त्र आहे, परंपरा आहे आणि बुद्धी आहे. हे तीन पायांचं स्टूल आहे आणि आपण त्यावर बसून विचार करायचा. “पोप नाही म्हणून तर इथं प्रत्येक बाई पोप आहे,” रॉबिन मागून म्हणाली, आणि सगळे हसले. रॉबिन म्हणजे निवृत्त सुईण. ती उठून बोलली. तरुणपणी तिच्या वॉर्डात ज्या पोरी यायच्या, तापानं फणफणलेल्या, कोणी कुठे काय करून घेतलं ते न सांगणाऱ्या, त्यांच्याबद्दल. एक तर याच चर्चच्या गायकवृंदातली होती, ती म्हणाली, नाव सांगणार नाही. “तिला आपण सगळ्यांनी मिळून पुरलं, आणि अपेंडिक्स म्हटलं. मला पुन्हा अपेंडिक्स म्हणायचं नाही.” मग मेव्हिस उठली. तिचं पहिलं बाळ पूर्ण दिवसांचं, पोटातच गेलेलं. नर्सनं कापडात गुंडाळून नेलं आणि तिला दाखवलंसुद्धा नाही. तेव्हा दाखवत नसत. मुलगा होता की मुलगी तेही नवऱ्याला सांगितलं, तिला नाही. “सगळे म्हणाले, काही नव्हतंच ते, विसर. मी विसरले नाही. कोणी जन्माआधीच्या बाळाला ‘काही नव्हतंच’ म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. तुम्ही मला पाय मोजायला सांगू नका स्टुलाचे.” ती खाली बसली. रॉबिननं उठून तिला पाणी नेऊन दिलं. ग्लेनिस असती तर दोघींच्या मध्ये बसली असती. घरी जाताना ओवेनला वाटलं, तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही खरं, खालची जमीन कशीही असो. पण त्याला पाठ नसते. त्यावर माणूस फार वेळ बसू शकत नाही. आणि दोघींचंही बरोबर आहे, असं वाटून तो आणखी दमला, कारण दोघींचंही बरोबर असलं तर माझ्या मुलीनं कोणाकडे बघायचं?

गुडघे टेकायची वेळ झाली तेव्हा तो वेदीपुढच्या कठड्यापाशी जाऊन टेकला. डाव्या हाताला रॉबिन होती, उजव्या हाताला मेव्हिस. एकच पेला एकीच्या ओठांवरून पुसून त्याच्याकडे आला आणि त्याच्याकडून दुसरीकडे गेला. लहानपणी टॅमसिन इथं त्याच्याजवळ टेकायची, तेव्हा तिला फक्त डोक्यावर हात मिळायचा, आणि ती जागेवर येऊन विचारायची, “त्यांनी हात ठेवला तेव्हा आत काय गेलं?” ग्लेनिस सांगायची, “चांगलं काहीतरी.” “मला कळलं नाही.” “कळायचं नसतं. जातं.” ओवेनला तेव्हा ते पुरेसं वाटायचं. आता तो कठड्याला धरून उठताना त्याला वाटलं, इतकी वर्षं आपल्याही आत न कळता काय काय गेलं असेल. मेव्हिसचं गेलं, रॉबिनचं गेलं, पाळकांची प्रवचनं गेली, आणि सगळं एका टाकीत जाऊन बसलं. आणि तोटी उघडली की त्यातलं जे वर असेल ते बाहेर येतं. तो जागेवर गेला नाही. बाजूच्या दारानं बाहेर पडला.

बाहेर ऊन डोळ्यांत गेलं. आवारातल्या जॅकरँडाच्या फुलांचा जांभळा सडा लोकांच्या पायांनी तुडवून काळा पडला होता. टॅमसिनची गाडी होती तिथंच होती, पण ती गाडीत नव्हती. भिंतीपाशी, जिथं ग्लेनिसच्या अस्थी ठेवलेल्या होत्या, तिथंही नव्हती. मग हॉलच्या स्वयंपाकघरातून कपांचा आवाज आला. ती तिथं होती. बाह्या वर करून, पाणी तापवायचा मोठा बंब लावून, ती बश्यांवर कप मांडत होती. कान सगळे एका दिशेला, जसे तिची आई मांडायची. चौदा वर्षांची होईपर्यंत तिचा दर रविवार या खोलीत गेला होता. ओवेन दारात उभा राहिला. दार सोडून आत कसं जायचं ते त्याला सुचेना.

“टॅमी, तो नळ गळतोय का?” तो म्हणाला.

“नळाला हात लावलास ना बाबा, तर बघ.” तिनं वर बघितलं नाही. “दूध काढ फ्रिजमधून.”

त्यानं दूध काढलं. ते धरून तो उभा राहिला. “माझं लक्ष नव्हतं गं,” तो म्हणाला. “ती म्हणाली, आणि मी आपलं... ऐकलंच नाही मी. तोंडातून गेलं. ओव्हनमध्ये मेंढी आहे. तू जाणार असशील तर जा, पण तू असं समजू नकोस की मी...”

“मी पण म्हटलं.”

“काय?”

“आमची प्रार्थना ऐक.” तिनं शेवटचा कप ठेवला. “तुझ्याबरोबरच. तुझ्यापेक्षा मोठ्यानं. तुला ऐकू नाही आलं? चार वर्षं या दारातून आत आले नाही, आणि आले तर पहिल्या झटक्याला माझं मीच म्हटलं, मला पश्चात्ताप होऊ दे म्हणून. हसू येत होतं मला. म्हणून हात घट्ट धरून बसले होते. आणि मग तुझ्याकडे बघितलं तर तू असा, भूत पाहिल्यासारखा.” ती हसलीही थोडीशी, आणि मग तिचं तोंड वाकडं झालं. “आई नसती म्हणाली.”

“नसती,” ओवेन म्हणाला. “तिनं कोपर मारलं असतं.”

“दोघांना.”

बंब गुणगुणू लागला. चर्चमधून शेवटचं गाणं ऐकू येत होतं, म्हणजे आता लोक येतील. ओवेननं दुधाची भांडी भरायला घेतली. त्याला वाटलं, एवढंच पुरे आहे, आता एवढ्यावर थांबावं. पण दार ढकलून मेव्हिस आत आली, सगळ्यांच्या आधी, कारण चहाची पाळी तिची होती, आणि कप मांडलेले बघून तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले. “अगं बाई, ग्लेनिसच जणू! कान सगळे एकीकडे!” तिनं टॅमसिनला जवळ ओढलं, पाठीवर थोपटलं. “रडून झालं ना? छान. आता माझं ऐक. गुरुवारी आमचं विणकाम असतं, तुझ्या आईची खुर्ची रिकामी आहे. आम्ही चौघीच उरलोय, आणि दवाखान्यातून सारखा फोन येतो, टोप्या पाठवा, अगदी लहान पाठवा, म्हणून. जी फार आधी येतात ना बिचारी, त्यांच्यासाठी. संत्र्याएवढ्या टोप्या असतात गं. तुला जमेल. तुझ्या आईनं शिकवलंय तुला.”

ओवेनच्या हातातलं दूध भांड्याबाहेर सांडलं. तो फडकं शोधू लागला. टॅमसिन मेव्हिसच्या मिठीतून मागे सरली, पण तिचे दंड मेव्हिसच्या हातांतच होते.

“मेव्हिसमावशी,” ती म्हणाली, “तुझी एक टोपी माझ्या मुलीच्या डोक्यावर होती. पांढरी. आईनं किनार ओळखली, तुझी.”

“हो?” मेव्हिसचा चेहरा उजळला. “ग्लेनिस कधी बोलली नाही! कधी गं, तुझं बाळ गेलं तेव्हा?”

“ती आपोआप नाही गेली. तिला डोक्याचा वरचा भाग नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी ठरवलं. मला पश्चात्ताप नाही, मावशी. दुःख आहे. तू आज जी प्रार्थना केलीस ना, ती माझ्यासाठी होती, आणि मी तिला उत्तर दिलं. म्हणून तुला सांगते.”

बंबाची शिट्टी झाली. कोणी बंद केला नाही. मेव्हिसनं तिचे दंड सोडले नाहीत, पण आता ती तिला धरून होती की तिच्या आधारानं उभी होती हे सांगता आलं नसतं. ग्लेनिस त्यानंतरची सगळी वर्षं दर गुरुवारी हिच्या शेजारी बसून विणत राहिली होती आणि काही बोलली नव्हती. ओवेननं एकदा विचारलं होतं, सांगून का टाकत नाहीस तिला? ग्लेनिस म्हणाली होती, “आणि तिनं विणायचं थांबवलं तर?” तो आता मेव्हिसच्या हातांकडे बघत होता. बोटांची पेरं सुजलेली, वाकडी झालेली. ते हात सुटतील आणि मग काहीतरी संपेल, असं त्याला वाटत होतं.

“मी त्या कायद्याला हो म्हणणार नाही, टॅमसिन,” मेव्हिस म्हणाली. आवाज इतका बारीक होता की शिट्टीत जेमतेम ऐकू आला. “मला नाही जमणार ते.”

“माहीत आहे.”

“मी वाईट बाई नाही गं.”

“तेही माहीत आहे.”

मेव्हिसनं बंब बंद केला. मग पाठमोरी असतानाच तिनं विचारलं, “नीट बसली होती का? टोपी.”

टॅमसिनला ते सांगता येईना. ओवेनला दिसलं की येत नाही. त्याची आठवण त्या बोळातून निघाली, नळापाशी न थांबता दारापर्यंत गेली, आणि या वेळी दार उघडून आत गेली.

“जरा मोठी होत होती,” तो म्हणाला. “भुवयांपर्यंत आली होती. तेच बरं होतं. टोपी होती म्हणून बघता आलं.”

दोघी त्याच्याकडे वळल्या. टॅमसिनच्या चेहऱ्यावर त्याला न कळणारं काहीतरी आलं. “तू आत आला होतास?” ती म्हणाली. “आई म्हणाली, तू बोळातच होतास.”

“तुला झोपेचं औषध दिलं होतं. तुझी आई फोन करायला खाली गेली. नर्सनं विचारलं, घेता का. घेतलं मी.” तो फडक्यानं सांडलेलं दूध पुसू लागला. “हलकी होती. माझ्या पान्यापेक्षा हलकी. खिडकीशी नेलं, तिथं उजेड बरा होता. नर्स परत येईपर्यंत होतो तिथं.”

“बोलला नाहीस कधी.”

“तू विचारलं नाहीस. मी पण... नळ बघायला यायचो ना.”

हॉलचं दार उघडलं आणि लोक बोलत, खुर्च्या सरकवत आत येऊ लागले. कोणीतरी मोठ्यानं विचारलं, चहा झाला का? “थांबा जरा!” मेव्हिसनं ओरडून सांगितलं, आणि ती स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभी राहिली, कोणी आत येऊ नये म्हणून. टॅमसिन ओट्याला टेकली. तिनं बाह्या खाली केल्या, मग पुन्हा वर केल्या.

“मी तिला धरलं, बाबा,” ती म्हणाली, “पण मी इतकी रडत होते की मला नीट दिसलंच नाही. फोटो काढू नका म्हटलं मी त्यांना. चार वर्षं झाली, मला तिचा चेहरा आठवत नाही. कुणाला विचारू? आई सांगायला लागली की तीच रडायची.” तिनं त्याच्या हातातलं ओलं फडकं काढून घेतलं. “तू सांग. कशी होती?”

ओवेननं विचार केला. घाई करून चुकीचं सांगायचं नव्हतं. बाहेर कप मागणारे आवाज वाढत होते, मेव्हिस दार धरून होती, आणि त्याच्या डोळ्यांसमोर खिडकीतला उजेड हळूहळू नीट बसत गेला.

“नाक तुझ्या आईवर गेलं होतं,” तो म्हणाला.